एकही केस वर राहू नये

गुदैबियातल्या लाँड्रीतून मी सुटते
ती कोपरापर्यंत ब्लीचचा वास घेऊन.
दिवसाला सहाशे चादरी.
रक्ताला थंड पाणी, हळदीला ऊन, गंजाला लिंबू.
डागाची जात कळली की अर्धं काम झालं,
असं नव्या मुलींना मीच शिकवते.

वरच्या मजल्यावर सिपोरामावशी चेऊलकर.
हॉस्पिटलात आया, तीस वर्षं मनामात,
आणि बोली अजून रेवदंड्याची.
गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे,
शनिवारी घाणा बंद म्हणून.
मी लोंढ्यांची सुवार्ता, प्रवरेकाठची.
माझ्या पणज्याची सावली पडली
म्हणून एक अख्खी विहीर उपसली होती.
त्याच साली त्यानं बाप्तिस्मा घेतला.
घरात अजून सांगतात :
पाणी तेच होतं गं, फक्त कुणी हाकललं नाही.

तेव्हा विटाळ म्हटलं की मी चवताळते.
मावशी म्हणाली, मळ वेगळा, तो वेगळा.
मळ घरीच काढायचा. नखांतला, कानामागचा,
दातात अडकलेली मेथीची काडीसुद्धा.
लख्ख झाल्यावर मग पाण्यात उतरायचं.
मग उतरायचं कशाला?
तेच तर, म्हणाली, आणि भांडी विसळायला लागली.

नळाचं पाणी चालत नाही तिला.
इथलं नळाचं म्हणजे कारखान्यात मीठ काढलेलं.
देवानं साठवलेलं हवं.
म्हणून मोठ्या उपासाच्या आदल्या संध्याकाळी
बुदैयाच्या किनाऱ्यावर, खजुरांच्या आडोशाला,
मी तिचा टॉवेल धरून उभी.
तिच्यातली बाई मिळेना, म्हणाली, तूच बघ.
एकही केस वर राहिला तर सांग.
बांगड्या काढल्या, कुड्या काढल्या,
साबण लावून लावून अंगठी काढली
आणि माझ्या मुठीत दिली.
पाणी आणि बाई यांच्यामध्ये काही नको.

समुद्र कोमट, कढत ठेवून विसरल्यासारखा.
ती गेली. पांढरी वेणी सुटली, बुडाली.
मुठीत अंगठी ओली आणि गरम,
आणि मला ती नोट आठवली.

वीस दिनारांची.
गिऱ्हाइकाच्या खिशातली, हरवलेली,
जिच्यापायी कमरुलला विमानात बसवला.
तीन आठवड्यांनी मला सापडली, ड्रायरच्या जाळीत,
कापसाच्या लोळात गुंडाळलेली.
चार वेळा धुतलेली, एकही डाग नसलेली.
मी ती इस्त्रीखाली सरळ केली.
कुणाला बोलले नाही.

पुण्यगुरुवारी चर्चमध्ये पाळकांनी
बारा जणांचे पाय धुतले, त्यात माझे.
घरून निघताना टाचा वजरीनं घासून गेले होते,
बाराही जण घासूनच आलेले.
घंगाळातलं पाणी शेवटपर्यंत नितळ.
पाळक म्हणाले, वाटी बाहेरून घासता, आतलं कोण बघतो?
आणि मी बघत होते
माझ्या नखांकडे, किती छान दिसतात.

तीनदा बुडाली मावशी.
दर वेळी वर येऊन माझ्याकडे बघायची.
मी ओरडायची, गेला, सगळा गेला!
तिसऱ्या वेळी मात्र
कपाळावरची एक बट वर राहिली, बोटभर.
अंधारत होतं. तिला थंडी वाजत नव्हती,
पण गुडघे दुखत होते, मला माहीत होतं.

म्हटलं, राहिला. एक केस राहिला, मावशी.

ती रागावली नाही. पुन्हा खाली गेली.

जुने लोक म्हणतात,
या खाऱ्या पाण्याच्या तळाशी गोड झरे होते,
मोती काढणारे बुडी मारून कातडी पिशव्या भरायचे.
आता आहेत की नाहीत, कुणास ठाऊक.

टॉवेल द्यायला मी घोट्यापर्यंत आत गेले,
चपला घालूनच.
अंगठी परत दिली.
मावशी, तुझ्याकडं बांगलादेशात
फोन लावायचं कार्ड आहे का गं, विचारलं.
तिनं केस पिळले.
म्हणाली, आहे. पण आधी चपला काढ,
वाळू चावेल घरी जाईस्तोवर.